लिलार्डची मागणी आणि पोर्टलंडचे घड्याळ

१ जुलै २०२३ रोजी डेमियन लिलार्ड या खेळाडूने पोर्टलंड ट्रेल ब्लेझर्स या आपल्या संघाला कळवले की आता मला दुसरीकडे पाठवा. एनबीए, म्हणजे अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीग, तिच्या भाषेत याला ‘ट्रेडची मागणी’ म्हणतात. २०१२ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, पोर्टलंडने त्याला सहाव्या क्रमांकावर निवडले, तेव्हापासून अकरा मोसम तो त्या एकाच संघाकडून खेळला होता आणि मोठ्या शहरांच्या मागे धावणाऱ्या खेळाडूंच्या जमान्यात हा एक गडी आपल्या गावाला धरून राहिला, अशी त्याची ख्याती होती. मागणीबरोबर त्याच्या एजंटाने एक अटही जोडली. जायचे ते मायामीलाच, दुसरे नाव नको. एवढ्या मोठ्या खेळाडूने तोंडाने एकदा गाव सांगितल्यावर संघ करून करणार काय, असे तेव्हा पुष्कळांना वाटले होते आणि आठ-पंधरा दिवसांत मायामीशी सौदा होणार हे त्यांनी गृहीतच धरले होते. सौदा झाला तो २७ सप्टेंबरला, आणि झाला मिलवॉकीशी.

या मधल्या तीन महिन्यांत काय घडले आणि का घडले, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. वाटेत आणखी चार-पाच खेळाडूंची प्रकरणे घ्यावी लागतील, कारण एकट्या लिलार्डकडे पाहून त्याची अडचण कळत नाही.

मी बास्केटबॉलचा प्रशिक्षक नाही आणि पत्रकारही नाही. माझी हयात कामगारांच्या मागणीपत्रांवर व्यवस्थापनाशी बोलणी करण्यात गेली, आणि खेळाकडे मी त्याच सवयीने पाहतो. फार वर्षांपूर्वी एका कारखान्यात संपाची नोटीस द्यायची की नाही यावर आमची रात्रभर चर्चा चालली होती. भाषणे जोरदार झाली. आमच्यातला एक जुना कार्यकर्ता मात्र दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत गोदामाच्या मागच्या बाजूने एक चक्कर मारून आला आणि म्हणाला, ‘तयार माल अडीच महिन्यांचा पडलाय. आत्ता बसलो तर उपाशी आपणच राहू.’ नोटीस आम्ही तीन महिने पुढे ढकलली. मागणी किती रास्त आहे हा एक प्रश्न आणि समोरचा किती दिवस थांबू शकतो हा दुसरा. वाटाघाटीच्या खोलीत या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी मोजले जाते. लिलार्डच्या करारात चार मोसम शिल्लक होते आणि त्यांचे मिळून सुमारे २१.६ कोटी डॉलर त्याला मिळायचे होते. पोर्टलंडच्या गोदामात चार वर्षांचा माल होता, असे म्हणायला हरकत नाही.

आता थोडे नियमांविषयी सांगतो, कारण आपल्याला क्रिकेट आणि फुटबॉलची सवय आहे आणि तिथले नियम वेगळे आहेत. युरोपातल्या फुटबॉलमध्ये क्लबने दुसऱ्या क्लबशी कितीही रकमेचा सौदा केला, तरी खेळाडूने नव्या करारावर सही केल्याशिवाय तो पुरा होत नाही. एनबीएमध्ये करारच्या करार उचलून दुसऱ्या संघाला दिला जातो, आणि खेळाडूने सामान बांधायचे असते. त्याची संमती लागत नाही. संमतीचा हक्क देणारे ‘नो-ट्रेड’ कलम करारात घालता येते; पण त्यासाठी लीगमध्ये किमान आठ मोसम आणि त्या संघाकडे किमान चार मोसम झालेले असावे लागतात, आणि एवढे करून संघाने ते मान्य करावे लागते. असे कलम हाती असलेले खेळाडू बोटांवर मोजण्याइतके. त्यांतला ब्रॅडली बील जून २०२३ मध्ये वॉशिंग्टनहून फिनिक्सला गेला, तेव्हा त्याच्या होकाराशिवाय पान हलत नसल्यामुळे वॉशिंग्टनला फारसे काही पदरात पाडून घेता आले नाही. ख्रिस पॉल हा उतारवयातला खेळाडू, लँड्री शॅमेट, ड्राफ्टमधल्या दुसऱ्या फेरीच्या निवडीचे हक्क आणि निवडीची जागा बदलून घेण्याचे, म्हणजे अदलाबदलीचे, काही हक्क एवढ्यावर समाधान मानावे लागले. त्याच उन्हाळ्यात, त्याच बाजारात, एका कलमाने किती फरक पडतो ते यावरून दिसते. लिलार्डकडे ते कलम नव्हते.

मग ज्याच्या हाती कायद्याने काहीच नाही, त्याच्या मागणीला कोणी भीक का घालावी? याचे उत्तर कॅलेंडरात आहे. करार संपला की खेळाडू मोकळा होतो आणि कोणत्याही संघाशी सही करू शकतो. हा मोकळेपणा फुकट मिळालेला नाही. ऑस्कर रॉबर्टसन हा खेळाडू संघटनेचा अध्यक्ष असताना १९७० मध्ये त्याच्या नावाने लीगविरुद्ध खटला दाखल झाला आणि १९७६ च्या तडजोडीनंतर खेळाडूला जन्मभर एका मालकाला बांधून ठेवणारी जुनी व्यवस्था सुटत गेली. मोकळा झालेला खेळाडू निघून गेला तर जुन्या संघाला बदल्यात काहीही मिळत नाही. म्हणून कराराचे शेवटचे वर्ष जसजसे जवळ येते, तसतसा संघ अस्वस्थ होतो; जो खेळाडू उद्या फुकट जाणार आहे, त्याचे आज चार पैसे आले तर बरे, असे त्याला वाटू लागते.

इथे एक बारकावा आहे आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणाची किल्ली त्यात आहे. ‘मला अमुकच संघाकडे जायचे आहे’ असे खेळाडू म्हणतो, तेव्हा ते वाक्य त्याच्या मालकाला उद्देशून आहे असे ऐकणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात ते इतर गिऱ्हाइकांना ऐकवायचे असते. बाकीच्या अठ्ठावीस संघांना तो सांगत असतो की तुम्ही मला आणाल, मोठी किंमत मोजाल, आणि करार संपला की मी तुमच्याकडे राहणार नाही. गिऱ्हाईक घाबरले की भाव पडतो, आणि पडलेल्या भावात खेळाडूच्या पसंतीचा संघ माल उचलतो. यावरून एक गणित आपोआप निघते. करारात वर्षे थोडी उरली असतील तर ही धमकी खरी वाटते. चार वर्षे उरली असतील तर गिऱ्हाईक म्हणते, चार वर्षांनंतरचे चार वर्षांनंतर पाहू.

२८ जानेवारी २०१९ रोजी अँथनी डेव्हिसचा एजंट रिच पॉल याने जाहीर केले की डेव्हिसला न्यू ऑर्लिन्स सोडायचे आहे. जाहीर वाच्यता केल्याबद्दल लीगने डेव्हिसला ५० हजार डॉलरचा दंड केला. कोट्यवधी डॉलर मिळवणाऱ्याला तो दंड म्हणजे जाहिरातीचा खर्च होता. डेव्हिस २०२० च्या उन्हाळ्यात मोकळा होऊ शकत होता आणि त्याची ओढ लॉस एंजेलिसच्या लेकर्सकडे आहे हे कोणापासून लपलेले नव्हते, म्हणजे धमकी पक्की होती. तरीही न्यू ऑर्लिन्सने फेब्रुवारीतली ट्रेडची मुदत तशीच जाऊ दिली. त्या धुमश्चक्रीत त्यांच्या जनरल मॅनेजरची नोकरी गेली, पण थांबण्याचा निर्णय टिकला. मे महिन्यात ड्राफ्टमध्ये कोणी आधी निवडायचे याची सोडत निघाली आणि लेकर्सना अनपेक्षितपणे चौथा क्रमांक लागला. फेब्रुवारीत लेकर्सच्या खिशात ही वस्तूच नव्हती. जूनमध्ये ठरलेल्या सौद्यात न्यू ऑर्लिन्सला लोंझो बॉल, ब्रँडन इंग्रम, जॉश हार्ट, तो चौथा क्रमांक आणि पुढच्या वर्षांचे हक्क मिळाले. डेव्हिसला हवे तेच गाव मिळाले आणि लेकर्स २०२० चे विजेते झाले. खेळाडूला हवे ते मिळाले म्हणजे संघ हरला असे मानण्याची घाई करू नये, एवढेच इथे लक्षात घ्या.

गिऱ्हाईक घाबरले नाही तर काय होते, याचे उदाहरण त्याआधीच्या वर्षी कवाय लेनर्डने घालून दिले होते. २०१८ च्या उन्हाळ्यात त्याला सॅन अँटोनियो सोडायचे होते, मनात लॉस एंजेलिस होते, आणि करारात एकच वर्ष उरले होते. बहुतेक संघ हात आखडून बसले. टोरोंटोचे अध्यक्ष मसाई उजिरी यांनी मात्र हिशेब उलटा मांडला: एक वर्ष तर एक वर्ष, तेवढ्यात विजेतेपद मिळाले तर पुढे गेला तरी जाऊ द्या. डिमार डिरोझन, याकोब पोल्टल आणि पहिल्या फेरीचा एक हक्क देऊन त्यांनी लेनर्ड आणि डॅनी ग्रीन यांना आणले. जून २०१९ मध्ये टोरोंटोने पहिलेवहिले विजेतेपद जिंकले आणि त्यानंतर महिन्याच्या आत लेनर्ड खरोखरच निघून गेला. टोरोंटोत कोणी त्याला बोल लावला असेल असे मला वाटत नाही.

तो गेला लॉस एंजेलिसच्या क्लिपर्सकडे, आणि जाताना त्याने अट घातली की सोबत दुसरा तारा हवा. तो दुसरा तारा, पॉल जॉर्ज, ओक्लाहोमा सिटीकडे होता. तिथे त्याने वर्षापूर्वीच चार वर्षांचा करार केला होता, पण आता त्यानेही ट्रेडची मागणी केली. ‘अडला हरी’ म्हणतात ती वेळ या ठिकाणी क्लिपर्सवर आली. पॉल जॉर्ज मिळाला नाही तर लेनर्डही मिळणार नव्हता, आणि हे ओक्लाहोमाचे जनरल मॅनेजर सॅम प्रेस्टी यांना पुरते ठाऊक होते. म्हणजे त्यांनी एक खेळाडू विकताना दोघांची किंमत लावली. शे गिल्जस-अलेक्झांडर, डॅनिलो गॅलिनारी, पहिल्या फेरीचे पाच हक्क आणि वर दोन अदलाबदलीचे हक्क. त्यातल्या एका हक्कातून २०२२ मध्ये जेलन विल्यम्स आला. २०२५ मध्ये ओक्लाहोमा सिटी विजेती झाली तेव्हा गिल्जस-अलेक्झांडर त्या मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू होता. ज्या संघाकडून एक तारा निघून गेला, तो सहा वर्षांनी त्याच सौद्याच्या पुण्याईवर विजेता झाला.

हे ‘पहिल्या फेरीचे हक्क’ म्हणजे काय, तेही सांगतो. दरवर्षी नव्या तरुण खेळाडूंची निवड होते आणि साधारणपणे दुबळ्या संघाला आधी निवडायला मिळते. हा पुढच्या वर्षांचा निवडीचा हक्क विकता येतो, पण बेलगाम नाही. सात वर्षांपलीकडचा विकता येत नाही आणि लागोपाठच्या दोन वर्षांसाठी संघ स्वतःला पहिल्या फेरीबाहेर ठेवू शकत नाही. हा दुसरा नियम टेड स्टेपियन या क्लीव्हलंडच्या मालकाच्या नावाने ओळखला जातो, कारण १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी असे हक्क इतक्या सढळ हाताने वाटून टाकले की लीगला त्यांच्यापासून त्यांच्याच संघाचे रक्षण करावे लागले. नियमाला नाव मिळाले, पण कोणाला हेवा वाटावा असे नाही. याशिवाय जाणाऱ्या आणि येणाऱ्या खेळाडूंचे पगार ठरावीक प्रमाणात जुळवावे लागतात. थोडक्यात, गिऱ्हाइकाची थैली मोजकी असते आणि ती किती भरलेली आहे हे सगळ्या बाजाराला दिसत असते.

कराराची उरलेली वर्षे हेच खरे माप आहे असे मी म्हणतो, त्याचा सर्वांत स्वच्छ पुरावा केव्हिन ड्युरंटने दिला आहे, कारण तो दोनदा विकला गेला. ३० जून २०२२ रोजी त्याने ब्रुकलिनकडे ट्रेड मागितला, तेव्हा त्याचा चार वर्षांचा नवा करार सुरूही व्हायचा होता. मालक जो साय यांनी जाहीरपणे व्यवस्थापनाची आणि प्रशिक्षकाची पाठराखण केली, ब्रुकलिनने अवाच्या सवा किंमत सांगितली, ती कोणी दिली नाही, आणि ऑगस्टमध्ये ‘आपण एकत्र पुढे जाऊ’ असे निवेदन निघाले. मागणी विरून गेली. पुढे फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याचा साथीदार कायरी अर्विंग डॅलसला गेल्यावर ड्युरंटचा ब्रुकलिनमध्ये राहण्यातला रस संपला आणि तो फिनिक्सला गेला. पण तेव्हाही करारात त्या मोसमापुढची तीन वर्षे होती, त्यामुळे फिनिक्सला मिकाल ब्रिजेस, कॅम जॉन्सन, पहिल्या फेरीचे चार बिनशर्त हक्क आणि एका वर्षाची अदलाबदल असे सारे मोजावे लागले. आता २०२५ चा जून पाहा. तोच ड्युरंट, वय छत्तीस, करारात एकच वर्ष, आणि पसंतीचे संघ मोजके. ह्यूस्टनने जेलन ग्रीन, डिलन ब्रूक्स, दहावा क्रमांक आणि दुसऱ्या फेरीचे काही हक्क यांत त्याला नेले. वय वाढले होते हे खरे. पण त्या मोसमातही तो सामन्यामागे पंचवीसहून अधिक गुण करत होता, तेव्हा किमतीतला सगळा उतार वयाच्या माथी मारता येणार नाही.

एक चिठ्ठी आली आहे. ‘सही करून घ्यायची, पैसे घ्यायचे आणि मग जायचे म्हणायचे, ही फसवणूक नव्हे काय?’ प्रश्न योग्य आहे. मलाही ड्युरंटची २०२२ ची मागणी शोभली नाही. करार अजून लागू व्हायचा होता. पण नाण्याची दुसरी बाजू डिरोझनची आहे. टोरोंटोने २००९ मध्ये त्याला निवडले, नऊ मोसम तो तिथे राहिला, मोकळा झाला तेव्हाही त्याच संघाशी पुन्हा सही केली, आणि लेनर्डच्या मागणीपायी त्याला सॅन अँटोनियोला पाठवून दिले. त्याने काहीच मागितले नव्हते. फेब्रुवारी २०२५ मध्ये डॅलसने लुका डॉन्सिच या पंचविशीतल्या ताऱ्याला मध्यरात्रीच्या सुमारास लेकर्सकडे पाठवले, तेव्हा त्याने तर मागणीचा शब्दही काढलेला नव्हता. त्या सौद्यात लेकर्सकडून डॅलसला कोण गेले? अँथनी डेव्हिस. सहा वर्षांपूर्वी ज्याने आपले गाव स्वतः निवडले होते, त्याला या वेळी कोणी विचारले नाही. आपल्याकडे २०१० मध्ये रवींद्र जडेजाला, दुसऱ्या संघाशी बोलणी केल्याच्या कारणावरून, आयपीएलच्या त्या मोसमापुरते बाहेर बसावे लागले होते. एनबीएत खेळाडूने उघड बोलले तर दंड होतो, संघाने खेळाडूच्या पाठीमागे बोलणी केली तर तो धंदा. ही विषमता आहे तोवर मागण्या येत राहणार.

आता खेळाडूच्या हातातल्या दुसऱ्या शस्त्राकडे येतो, म्हणजे असहकाराकडे. ऑक्टोबर २०१८ मध्ये जिमी बटलर मिनेसोटाच्या सरावाला आला, राखीव खेळाडूंना सोबत घेऊन मुख्य पाच जणांना हरवले, व्यवस्थापनाला तोंडावर सुनावले आणि त्याच दिवशी दूरदर्शनवर मुलाखत दिली. महिन्याभरात तो फिलाडेल्फियाला गेला. बेन सिमन्सने २०२१ मध्ये खेळायलाच नकार दिला. त्याच्याकडेही चार वर्षांचा करार होता, म्हणून फिलाडेल्फियाने न खेळलेल्या सामन्यांचे पैसे कापले आणि फेब्रुवारी २०२२ पर्यंत वाट पाहून त्याच्या बदल्यात जेम्स हार्डन आणला. पुढच्या वर्षी हार्डनचीच पाळी आली. ऑगस्ट २०२३ मध्ये चीनमधल्या एका कार्यक्रमात त्याने संघाचे प्रमुख डॅरिल मोरी यांना माइकवरून खोटारडे म्हटले आणि एक लाख डॉलरचा दंड भरला. पण त्याच्या हातपायांना नियमाची बेडी होती: कराराच्या शेवटच्या मोसमात तीस दिवसांहून अधिक काळ खेळायला नकार दिला तर करार पुरा झाला असे धरत नाहीत, आणि मोकळे होण्याचा हक्कच जातो. म्हणून हार्डन रुसला, फुगला, पण संप त्याला परवडणारा नव्हता. ऑक्टोबर संपता संपता तो क्लिपर्सला गेला. असहकाराने सौदा लवकर होतो हे मान्य. पण आपण घरातली भांडी फोडतो आहोत हे घेणाराही पाहत असतो, आणि उद्या हाच माणूस आपल्याही घरात येणार आहे हे त्याला कळते.

लिलार्डने यांतले काही केले नाही. त्याच्या एजंटाने मात्र एक चूक केली. तो इतर संघांना फोन करून सांगू लागला की लिलार्डला मायामीखेरीज कुठेही रस नाही, तुम्ही या भानगडीत पडू नका. वर सांगितलेली धमकी ती हीच, पण चार वर्षांच्या करारावर. २८ जुलैला लीगने सर्व संघांना पत्रक पाठवले: आम्ही खेळाडूशी आणि एजंटाशी बोललो आहोत, ट्रेड कुठेही झाला तरी लिलार्ड कराराप्रमाणे खेळेल असे दोघांनी सांगितले आहे, आणि यापुढे याउलट काही बोलले गेले तर शिस्तभंगाची कारवाई होईल. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. लीगने ती मूठ भरबाजारात उघडून दाखवली.

मायामीची अडचण वेगळीच होती. तिच्याकडचा सगळ्यात मोलाचा देण्याजोगा खेळाडू टायलर हिरो हा गार्ड, म्हणजे लिलार्डसारखाच चेंडू खेळवत पुढे नेणारा खेळाडू, आणि पोर्टलंडकडे ॲन्फर्नी सायमन्स व शेडन शार्प होतेच, शिवाय त्याच जूनमध्ये तिसऱ्या क्रमांकावर निवडलेला स्कूट हेंडरसनही गार्डच. ज्याच्या घरात आधीच तीन पंखे आहेत त्याला चौथा पंखा द्यायला निघालात तर तो काय म्हणणार? मायामीला वाटत होते की दुसरे गिऱ्हाईकच नाही तर भाव वाढवायचा कशाला. पोर्टलंडचे जनरल मॅनेजर जो क्रोनिन यांनी जुलैतच सांगून टाकले होते की महिने लागले तर लागू देत. त्यांना घाई करण्याचे काही कारणही नव्हते. सरावशिबिर ऑक्टोबरच्या तोंडावर सुरू होणार, तोवर लिलार्ड आला काय नि न आला काय.

त्यांना हवे होते दुसरे गिऱ्हाईक, आणि ते एका अशा खेळाडूने तयार केले ज्याने कसलीच मागणी केली नव्हती. मिलवॉकीचा यानिस आंतेतोकुंपो याने ऑगस्टमध्ये एका मुलाखतीत सुचवले की संघ जिंकण्यासाठी झटतो आहे असे दिसल्याशिवाय मी करार वाढवणार नाही. मिलवॉकीने ते बरोबर ऐकले. सप्टेंबरअखेर त्यांनी ड्रू हॉलिडे, २०२९ चा पहिल्या फेरीचा बिनशर्त हक्क आणि २०२८ व २०३० ची अदलाबदल देऊन लिलार्डला नेले. फिनिक्स तिसरा भिडू म्हणून आला, त्याच्याकडून पोर्टलंडला डिआंद्रे एटन आणि टूमानी कमारा मिळाले. चारच दिवसांत पोर्टलंडने हॉलिडेला बॉस्टनला देऊन माल्कम ब्रॉग्डन, रॉबर्ट विल्यम्स आणि पहिल्या फेरीचे आणखी दोन हक्क घेतले. ऑक्टोबरमध्ये आंतेतोकुंपोने मिलवॉकीशी करार वाढवला. मला या सगळ्यात सर्वांत ताकदवान माणूस तोच वाटतो. त्याने दार ठोठावले नाही, फक्त दाराकडे एकदा पाहिले.

याच चौकटीत एक उदाहरण आपल्या ओळखीचे आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईत वरळीच्या डोममध्ये सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स यांचे दोन सामने झाले, ते इथल्या काही जणांनी पाहिलेही असतील. किंग्जचे मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईचे. त्यांच्या संघाचा तेव्हाचा तरुण तारा डिॲरन फॉक्स याला २०२५ च्या सुरुवातीला सॅन अँटोनियोला जायचे होते आणि त्याच्या करारात दीडच मोसम उरला होता. दुसरे गिऱ्हाईक उभे करायला वेळही नव्हता आणि कोणी धोका घ्यायलाही तयार नव्हते. फेब्रुवारीत तीन संघांच्या सौद्यात किंग्जना झॅक लव्हिन आणि पहिल्या फेरीचे तीन हक्क मिळाले. फॉक्सला हवे ते एकमेव गाव मिळाले आणि ऑगस्टमध्ये त्याने तिथे चार वर्षांची वाढीव सही केली. पसंतीच्या गिऱ्हाइकाला खेळाडू जे गुपचूप विकतो ते हेच: मी आलो तर राहीन. लिलार्डकडे विकायला हे वचनच नव्हते, कारण चार वर्षे तो कुठेही बांधलेलाच होता.

२०२३ च्या सामूहिक करारानंतर बाजार आणखी आक्रसला आहे. पगारखर्चाची दुसरी, वरची मर्यादा ओलांडलेल्या संघांना दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू आणता येत नाही. एका वाक्याचा नियम आहे, पण त्याने ताऱ्यांच्या पसंतीच्या यादीतली श्रीमंत नावे परस्पर खोडली जातात.

लिलार्डचे पुढे काय झाले ते सांगून थांबतो. एप्रिल २०२५ मध्ये इंडियानाविरुद्ध त्याच्या टाचेचा स्नायुबंध तुटला. जुलैत मिलवॉकीने त्याला करारातून मोकळे केले आणि उरलेले सुमारे ११ कोटी ३० लाख डॉलर पाच वर्षांत फेडण्याचे कबूल केले; त्यातून मोकळी झालेली जागा इंडियानाच्या माइल्स टर्नरला आणण्यासाठी वापरली. पैशांची ददात मिटलेला लिलार्ड त्याच महिन्यात तीन वर्षांसाठी ४ कोटी २० लाख डॉलरवर पोर्टलंडला परतला. त्या उन्हाळ्यात बॉस्टनने ड्रू हॉलिडेलाही पोर्टलंडला पाठवले होते, त्यामुळे ज्या दोघांची एकमेकांशी अदलाबदल झाली होती ते आता एकाच बाकावर आले. दुखापतीमुळे लिलार्डला पुढच्या मोसमावर पाणी सोडावे लागणार हे सही करतानाच दोघांना माहीत होते. या वेळी त्याने एजंटाकरवी एकच गोष्ट लावून धरली आणि पोर्टलंडने ती दिली. नव्या करारात नो-ट्रेड कलम आहे.